विचारा डॉक्टरांना : सोमवारच्या गोळीनंतर झोप का उडते?

गेल्या अंकात मी पावसाळ्यातल्या मलेरियाबद्दल लिहिताना सहज एक ओळ टाकली होती, की मलेरिया होऊ नये म्हणून घ्यायच्या काही गोळ्यांचा डोक्यावर परिणाम होऊ शकतो. एवढ्या एका ओळीवर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. मलेरियावर नाही, डासावर नाही, सगळी त्या एका ओळीवर. त्यातली अर्धी फौजी घरातली. म्हणून हा महिना त्यांचाच. नावं कुणाचीच देत नाही, गावं सुद्धा बदललीत.

प्रश्न : डॉक्टरबाई, माझे मिस्टर आर्मीत हवालदार. यूएनच्या मिशनवर आफ्रिकेत होते, गेल्या वर्षी परत आले. तिथे दर सोमवारी मलेरियाची एक गोळी घ्यायचे, पाकिटावर मेफ्लोक्वीन असं लिहिलंय, रिकामं पाकीट अजून बॅगेत आहे. तिसऱ्या गोळीनंतर फोनवर म्हणाले की स्वप्नं इतकी खरी पडतात की उठल्यावर पंधरा मिनिटं कळत नाही आपण कुठे आहोत. आम्ही हसलो. आता गोळ्या बंद होऊन सात महिने झाले पण रात्री तीनला उठतात, पुढच्या दाराची कडी बघतात, मग मागच्या दाराची, मग परत पुढच्या. चवथीला घुमट वाजवून आरती सुरू झाली तसे उठून परसात जाऊन उभे राहिले, शेजारी विचारायला लागले. कानात रातकिडे ओरडतात म्हणतात आणि विहिरीवर वाकले की भोवळ येते. डॉक्टरकडे चला म्हटलं की मला काय झालंय म्हणून अंगावर येतात. सासूबाई म्हणतात बाहेरचं लागलंय, घाडीकडे नेऊया. दीर म्हणतो तिकडचं सगळं बघून आलेल्या माणसाला असं होतंच. मला एकटीला वाटतं गोळीचं काहीतरी आहे. मी वेडी आहे का? — एक पत्नी, पेडणे

उत्तर : नाही, अजिबात वेडी नाही. उलट तुम्ही एका पत्रात जेवढं नीट सांगितलंय तेवढं पेशंट समोर बसून सुद्धा सांगत नाहीत, आणि तारखेचा जो धागा तुम्ही पकडलाय, तिसऱ्या गोळीनंतर, तो तर फारच महत्त्वाचा.

मेफ्लोक्वीन म्हणजे आठवड्याला एक, २५० मिलिग्रॅमची गोळी. आठवड्याला एकच पुरते कारण ती शरीरातून जायला फार वेळ घेते, निम्मं औषध बाहेर पडायला दोन ते चार आठवडे, आणि तोपर्यंत दुसरी, तिसरी गोळी वर येऊन बसते. म्हणजे साठत जाते. शिवाय मेंदूत शिरते आणि तिथेही साठते. ज्यांना ती सोसत नाही त्यातल्या बहुतेकांना पहिल्या तीन गोळ्यांतच कळतं, म्हणूनच तर निघायच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करायला सांगतात, की काही व्हायचं असेल तर घरी असतानाच कळावं आणि गोळी बदलता यावी. झोप उडणं आणि खऱ्यासारखी स्वप्नं हे तर इतकं कॉमन की औषधाच्या माहितीपत्रकात ते दहातल्या एकापेक्षा जास्त लोकांना होतं अशा गटात छापलंय. पण त्याच पत्रकात पुढे हेही असतं की अस्वस्थपणा, उदासी, गोंधळ, संशय यातलं काही सुरू झालं तर ती पुढच्या मोठ्या त्रासाची सुरुवात समजून गोळी थांबवायची आणि दुसरी सुरू करायची. हे वाक्य कोण वाचतं? चार घड्या घातलेला तो पातळ कागद, त्यावर मुंगीएवढी अक्षरं, मी सुद्धा भिंग घेऊन वाचते.

आता तुमच्या दिराचं म्हणणं. तो चूक नाही. दारं तपासणं, मोठ्या आवाजाला उठून जाणं, रात्रीची भीती, हे सगळं हिंसा जवळून पाहिलेल्या माणसात दिसतं, त्याला पीटीएसडी म्हणतात आणि घुमट-शामेळाचा ठोका बंद खोलीत कसा घुमतो ते आपल्याला माहीत आहे. पण भोवळ आणि कानातले रातकिडे? ते पीटीएसडीच्या यादीत नीट बसत नाहीत. ते कानाच्या आतल्या भागाशी आणि तोल सांभाळणाऱ्या नसांशी जोडलेलं असतं, आणि मेफ्लोक्वीनबद्दल नेमकी हीच तक्रार येते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रकांनी, जुलै २०१३ मध्ये या औषधावर आपली सगळ्यात कडक, काळ्या चौकटीतली वॉर्निंग लावली, त्यात स्पष्ट म्हटलंय की चक्कर, तोल जाणं आणि कानातला आवाज गोळी बंद केल्यावरही राहू शकतो, काहींना कायमचा. मनाचे त्रासही महिनोनमहिने, कधी त्याहून जास्त टिकू शकतात. त्यानंतर दोनच महिन्यांत अमेरिकेच्या आर्मी स्पेशल ऑपरेशन्सने आपल्या लोकांना ही गोळी देणं बंद केलं.

घोळ असा आहे की दोन्ही चित्रं एकमेकांवर इतकी चढतात की वेगळी काढणं अवघड जातं आणि एकाच माणसात दोन्ही असू शकतात. म्हणून मी पत्रावरून हे गोळीमुळेच असं म्हणणार नाही. जो डॉक्टर न तपासता हो म्हणेल त्याच्याकडे जाऊ नका, जो न विचारता नाही म्हणेल त्याच्याकडेही जाऊ नका.

करायचं काय ते सांगते. एका वहीत लिहून काढा : पहिली गोळी कुठल्या तारखेला, शेवटची कधी, पहिलं वाईट स्वप्न कधी, पहिली भोवळ कधी, तिकडे काही वाईट पाहिलं असेल तर ते कधी. फोनवरच्या मेसेजांत तारखा सापडतील, तुम्ही हसलात त्या दिवसाचीही सापडेल. स्वप्नं सुरू झाली त्या दिवसापर्यंत तिकडे काहीच घडलेलं नव्हतं असं निघालं तर ते डॉक्टरला फार उपयोगी. रिकामं पाकीट टाकू नका. मग दोन डॉक्टर लागतील, एक कान-नाक-घशाचा, जो तोलाची तपासणी करेल, आणि एक मानसोपचाराचा. दोन्ही बांबोळीला मिळतात, जीएमसी म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज आणि तिथलंच मानसोपचाराचं हॉस्पिटल आयपीएचबी. यावर उतारा म्हणून एखादी गोळी नाही हे खरं, पण झोपेवर, भीतीवर, उदासीवर इलाज आहेत, तोल सुधारायचे व्यायाम असतात, आणि बऱ्याच जणांना हळूहळू फरक पडतो. मेफ्लोक्वीन मात्र या माणसाला पुन्हा कधीच नको, हे त्यांच्या कागदांवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या, पुढचं पोस्टिंग कुठे येईल सांगता येत नाही.

ते का टाळतायत ते मला कळतं. फौजेत शेप-वन, म्हणजे तब्येतीची सगळ्यात वरची श्रेणी, असणं म्हणजे सगळं असतं, प्रमोशन, कोर्स, पोस्टिंग. आणि शेपमधला एस म्हणजे मन आणि एच म्हणजे कान, यांचं दुखणं नेमकं त्या दोन अक्षरांचं! कॅटेगरी खाली जाईल ही भीती खोटी नाही. पण त्यांना असं सांगून बघा, की मला काही झालंय असं म्हणायला जायचं नाही, ड्यूटीवर सरकारी नियमाने घेतलेल्या औषधाचा त्रास नोंदवायला जायचं. शब्द बदलला की पुरुष माणूस कधी कधी उठतो. युनिटच्या आरएमओला, म्हणजे तिथल्या डॉक्टरला, ती वही दाखवली तर त्यांनाही बोलायला काहीतरी हातात मिळतं.

सासूबाईंशी भांडू नका. नारळ द्यायचा तर देऊ देत, फक्त ओपीडीचा नंबर आधी काढा. आणि एक गोष्ट मी एरवी शेवटी सांगते ती इथेच सांगते : मरणाची भाषा आली, किंवा हत्यार, दोरी, विहीर याकडे लक्ष जातंय असं वाटलं, तर ओपीडीची वाट बघायची नाही, त्याच रात्री बांबोळीच्या कॅज्युअल्टीला न्यायचं. टेलीमानस या सरकारी मानसिक आधाराच्या हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आणि फुकट आहे, तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता, सात महिने तीन वाजता तुम्हीही उठताय.

प्रश्न : मी नेव्हीतून रिटायर्ड, आता वास्कोला असतो. तुमची ती ओळ वाचून राग आला. आमच्या वेळी गोळ्या लाईनीत उभं करून तोंडात टाकायचे, पाणी प्यायला लावून तोंड उघडून दाखवायला लावायचे, कुणाला काही झालं नाही. ही सगळी बाहेरच्या देशांतली नाटकं, नुकसानभरपाईसाठी. तुमच्यासारख्यांनी लिहिलं की पोरं गोळ्या थुंकतात आणि मलेरियाने मरतात. — एक जुना नौसैनिक

उत्तर : शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. फाल्सिपेरम हा मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार धडधाकट माणसाला काही दिवसांत संपवतो. या तापाची ताकद गोव्याला कुणी सांगायची गरज नाही, पोर्तुगीजांची राजधानी असलेलं जुनं गोवं ओस पडलं त्यात हिवताप आणि पटकीचा मोठा हात होता, त्यांचे व्हाइसरॉय १७५९ साली पणजीला राहायला आले आणि १८४३ ला तीच अधिकृत राजधानी झाली.

पण कुणाला काही झालं नाही, हे तुम्हाला कसं कळलं? तोंड उघडून दाखवायला लावणारा माणूस दुसऱ्या दिवशी झोप कशी लागली असं विचारायचा का? मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. न विचारल्यामुळे न दिसणं, ही या औषधांची जुनीच कथा आहे. कोयनेलने कान वाजतात हे आपल्या आज्यांना माहीत होतं. दुसऱ्या महायुद्धात जपानने जावा घेतलं आणि कोयनेलचा पुरवठा तुटला, तेव्हा दोस्तांच्या सैनिकांना अ‍ॅटेब्रिन द्यायला लागले. त्याने कातडी पिवळी व्हायची, आणि काही थोड्यांना चक्क वेडाचा झटका यायचा, तो डॉक्टरांनी तेव्हाच लिहून ठेवलाय. मग क्लोरोक्वीन आलं, त्यानेही क्वचित होतं. मेफ्लोक्वीन हे तर लष्करानेच शोधलेलं, १९७० च्या दशकात अमेरिकेच्या वॉल्टर रीड आर्मी इन्स्टिट्यूटमध्ये, कारण व्हिएतनाम युद्धाच्या वेळी जुनी औषधं चालेनाशी झाली होती. पुढे रोश कंपनीने ते लॅरियम नावाने विकलं. म्हणजे हेतू वाईट नव्हता, त्या गोळीने जीवही पुष्कळ वाचवले.

नाटकं म्हणता, तर एक ऐका. १९९३ मध्ये सोमालियात गेलेल्या कॅनडाच्या सैनिकांनी शिदाने अरोन नावाच्या १६ वर्षांच्या पोराला पकडून मारहाण करून ठार केलं. त्या तुकडीला मेफ्लोक्वीन दिलं जात होतं. गोळीमुळे खून झाला असं सिद्ध झालेलं नाही, आणि मीही म्हणणार नाही, गोळी घेतलेल्या हजारो माणसांनी कुणाला हात लावलेला नाही. पण औषध तेव्हा एका सुरक्षितता अभ्यासाखाली दिलं जात होतं आणि त्यात ज्या नोंदी ठेवायच्या त्या ठेवल्याच गेल्या नाहीत. नंतरच्या चौकशीलाही त्या प्रश्नाचं पक्कं उत्तर देता आलं नाही. मला त्या सगळ्या प्रकरणात ही गोष्ट सगळ्यात जास्त टोचते. आज तीस वर्षांनीही ते उत्तर मिळत नाही, कारण त्या सोमवारी कुणी वही उघडली नव्हती.

आणि हे बोलणारे सगळे शिपाईच होते असं नाही. ब्रिटनचे माजी लष्करप्रमुख लॉर्ड डॅनट यांनी २०१६ मध्ये जाहीरपणे सांगितलं की आपण स्वतः लॅरियम घेतलं नसतं, कारण त्यांच्या मुलाला त्या गोळ्यांनी वाईट मानसिक त्रास झाला होता, आणि ज्या सैनिकांना ती दिली गेली त्यांची त्यांनी माफी मागितली. त्याच वर्षी तिथल्या संसदेच्या संरक्षण समितीने म्हटलं की ही गोळी दुसरा काहीच पर्याय नसेल तेव्हाच द्यावी, आणि तीही प्रत्येक सैनिकाला समोर बसवून तपासून. कॅनडाच्या फौजेनेही २०१७ पासून ती शेवटच्या नंबरला टाकली. अमेरिकन सैनिक तर गोळीच्या दिवसाला मेफ्लोक्वीन मंडे म्हणायचे, थट्टेत. आमच्या पेडण्याच्या ताईही आधी हसल्याच होत्या.

समोर बसवून तपासायचं म्हणजे फार काही नाही हो. पूर्वी कधी डिप्रेशन, घाबरगुंडी, भास, आकडी, हृदयाच्या ठोक्याचा त्रास? घरात कुणाला? पाच मिनिटं लागतात. आपल्याकडच्या राष्ट्रीय मलेरिया गाईडलाईनमध्येही हेच आहे : सहा आठवड्यांपर्यंत राहायचं तर डॉक्सिसायक्लिन, त्याहून जास्त तर मेफ्लोक्वीन, आणि आकडी, मानसिक आजार, हृदयविकार असलेल्यांना मेफ्लोक्वीन द्यायचं नाही. गोळी थुंकायला मी कुठे सांगतेय? गोळी देणाऱ्याने दोन प्रश्न जास्त विचारावेत एवढंच म्हणतेय, आणि साहेब, तुमच्याएवढं वजन असलेल्या माणसाने हे जवानांना सांगितलं तर ते माझ्या कॉलमपेक्षा जास्त ऐकतील.

प्रश्न : माझा मुलगा जवान आहे, त्याला तीन महिन्यांसाठी मलेरियाच्या भागात पाठवतायत. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा व्हिडिओ बघून त्याने गोळ्या घेणार नाही म्हणून सांगितलंय. काय करू? — सत्तरीहून एक वडील

उत्तर : त्याला सांगा, कुठल्या गोळीला नाही म्हणतोय ते आधी बघ. मेफ्लोक्वीन ही अनेकांतली एक. रोजची डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम असते, ती जायच्या दोन दिवस आधीपासून परत आल्यावर चार आठवड्यांपर्यंत घ्यायची, तिने डोक्याला असा त्रास सहसा होत नाही. पण उन्हात कातडी भाजते, आणि कोरड्या घशाने घेऊन लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेत जखम होते, ग्लासभर पाणी आणि अर्धा तास बसणं मस्ट. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल म्हणून अजून एक रोजची आहे, महाग, पण परत आल्यावर सातच दिवस घ्यावी लागते. रोजच्या गोळीचा तोटा एकच, फौजी माणूस ती विसरतो.

आणि मेफ्लोक्वीनच मिळाली, पूर्वीचा काही त्रास नसेल, तर घ्यावी. खूप जणांना काहीच होत नाही हेही तितकंच खरं. फक्त पहिले तीन आठवडे झोपेकडे लक्ष ठेवायचं आणि काही बिघडलं तर पुढच्या सोमवारची वाट न बघता एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, जाऊन सांगायचं की गोळी बदलून द्या. गुपचूप बंद करायची नाही. बदलणं आणि बंद करणं यात जीव जाण्याएवढा फरक आहे. मच्छरदाणी आणि फुल बाह्या दोन्हीकडे लागतातच.

प्रश्न : मी जहाजावर काम करतो, पुढचं कॉन्ट्रॅक्ट पश्चिम आफ्रिकेच्या पोर्टांचं आहे. चार वर्षांपूर्वी डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या, आता बंद आहेत. मेडिकलच्या वेळी हे सांगितलं नाही, सांगितलं असतं तर अनफिट केलं असतं. मित्र म्हणतो आठवड्याची गोळी बरी, एकदा घेतली की झालं. — एक तारवटी, मुरगाव

उत्तर : तुमच्यासाठी नाही. मित्राची गोळी मित्राला. पूर्वी डिप्रेशन झालेल्या माणसाने मेफ्लोक्वीन प्रतिबंध म्हणून घ्यायची नाही, आता बरं वाटत असलं तरी. आणि भर समुद्रात डोकं फिरलं तर डॉक्टर कुठला, डेकवर तोल गेला तर काय. मेडिकलला लपवलंत यावर मी भाषण देणार नाही, तारवटी घरातली मी, बाबांनी पण बरंच लपवलं होतं. पण निदान गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरला तरी खरं सांगा, तो तुमच्या कंपनीचा माणूस असायलाच हवा असं नाही, इथला कुठलाही फिजिशियन चालेल. डॉक्सिसायक्लिनबद्दल विचारा, डेकवर ऊन फार म्हणून टोपी आणि सनस्क्रीन घेऊन जा.

प्रश्न : माझ्या आईला मागच्या जूनमध्ये व्हायवॅक्स मलेरिया झाला. क्लोरोक्वीनच्या तिसऱ्या दिवशी ती वारलेल्या मावशीशी बोलायला लागली, रात्रभर घरात फिरली. दोन दिवसांत आपोआप बरी झाली. डॉक्टर म्हणाले ताप डोक्यात गेला. खरं काय? — फोंडा

उत्तर : दोन्ही शक्य आहे. मलेरियाच्या तापात माणूस बरळतो, आणि क्लोरोक्वीननेही क्वचित असे भास होतात, तेही बहुतेक वेळा औषध थांबल्यावर जातात. ताप कधी उतरला हे आठवतंय का? ताप उतरून गेल्यावर मावशी आली असेल तर मी गोळीकडे बोट दाखवीन. घाबरून जाऊ नका, आपल्याकडच्या व्हायवॅक्सवर आजही पहिलं औषध क्लोरोक्वीनच, आणि पुन्हा उलटू नये म्हणून चौदा दिवसांचं प्रायमाक्वीन. पण आईच्या फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी डॉक्टरला दाखवा, दुसरी औषधं आहेत.

आणि हे तुम्ही स्वतः सरकारला कळवू शकता, पेशंटच्या घरच्यांनाही तो हक्क आहे. औषधाच्या त्रासाची नोंद करायचा फुकट नंबर १८००-१८०-३०२४. गोळीचं नाव, बॅच नंबर आणि तारखा विचारतात, त्यामुळे पाकीट समोर घेऊन बसा. पेडण्याच्या ताई, हा नंबर तुमच्यासाठी पण.